पेटींतील चीट व कात्रीचें भय

बहुतेक प्रत्येक घरांत एक पेटी असते, आणि त्या पेटीच्या तळाशीं "पुढें कधीं तरी उपयोगीं पडेल" म्हणून ठेवलेलें एखादें सुंदर छापील कापड असतें. कोणीं तें जत्रेंत घेतलेलें असतें, कोणीं परगांवाहून आणलेलें असतें, कोणाला तें लग्नकार्यांत मिळालेलें असतें. तें इतकें आवडतें असतें कीं, त्याला कात्री लावण्याचा धीर होत नाहीं. वर्षें लोटतात, सणासुदीला पेटी उघडली जाते, कापडावरून प्रेमानें हात फिरविला जातो, आणि घडी पुन्हां जागच्या जागीं ठेविली जाते.

आमच्याही घरीं असेंच झालें. आमच्या मातोश्रींजवळ लाल फुलांचें व काळ्या रेषांच्या वेलींचें अडीच वार चीट होतें. त्यांनीं तें वीस-बावीस वर्षें जपलें. त्यांच्या पश्चात् आम्हीं तें उलगडलें, तेव्हां घडीच्या ठिकाणीं तें सरळ रेषेंत फाटलें, आणि जेथें जेथें वेलीच्या काळ्या रेषा होत्या तेथें तेथें बोट लागतांच धागे चुरले. फुलें मात्र तशींच लालभडक होतीं! त्या सबंध कापडांतून एक रुमालही निघूं शकला नाहीं. तेव्हांपासून शिवणाच्या वर्गांत आम्ही पहिला धडा हाच देतों कीं, आवडतें कापड वापरण्यासाठीं असतें. तें कसें वापरावें म्हणजे त्याची शोभा कमी न होतां उलट वाढेल, हें या लेखांत थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम, काळ्या रेषाच आधीं कां गेल्या, हें पाहूं. त्यासाठीं चीट कसें छापतात तें ठाऊक असलें पाहिजे. हातठशाच्या जुन्या पद्धतींत कापड हिरड्याच्या पाण्यांत बुडवून वाळवितात. मग लांकडी ठशांनीं त्यावर दोन प्रकारचें खळीसारखें मिश्रण छापतात: एक तुरटीचें आणि दुसरें गंजलेलें लोखंड व गूळ पुष्कळ दिवस आंबवून केलेलें. लोखंडाचा अंश हिरड्याशीं मिळून काळा रंग देतो. तुरटी जेथें लागली असेल तेथें, कापड मंजिष्ठेच्या पाण्यांत उकळल्यावर, लाल रंग पक्का बसतो. मंजिष्ठेंतील हें लाल द्रव्य १८६८ सालीं ग्रेबे व लीबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनीं प्रयोगशाळेंत तयार केलें. अलिझरीन या नांवानें तें आज कारागीरही वापरतात. तुरटीपासून सुतास फारसा अपाय होत नाहीं. लोखंडाचा अंश मात्र हवेंतील ओलाव्याच्या साह्यानें सुताला हळूहळू खात राहतो. म्हणजे पेटींत ठेवल्यानें चीट सुरक्षित राहतें ही आपली समजूतच मुळांत चुकीची आहे. तें वापरलें तरी जुनें होतें व न वापरलें तरी जुनें होतें. भेद इतकाच कीं, वापरलें तर तें आपण डोळे भरून पाहिलेलें असतें.

आणि हें कापड पाहण्याजोगें खरेंच असतें. जयपुराजवळील सांगानेर व बगरू, मध्यप्रदेशांत धार जिल्ह्यांतील बाघ, आंध्रप्रदेशांत मच्छलीपट्टणाजवळील पेडणा, कच्छांतील धमडका, या गांवीं ठशांचें काम आजही चालतें. कच्छांतील अजरखपूर हें गांव तर २००१ सालच्या भूकंपानंतर धमडक्याच्या छपाई करणाऱ्या कारागिरांनीं नव्यानें वसविलें. एके काळीं आपल्या देशांतील चिटांनीं युरोपांत एवढी मोहिनी घातली होती कीं, तेथील विणकरांच्या धंद्याच्या रक्षणार्थ फ्रान्सनें १६८६ सालीं त्यांवर बंदी घातली, ती १७५९ पर्यंत टिकली. इंग्लंडनेंही १७२१ सालीं बहुतेक छापील सुती कापड अंगावर किंवा घरांत वापरण्यास मनाई करणारा कायदा केला, तो १७७४ सालीं रद्द झाला. लोक मात्र कायद्याला न जुमानतां तें वापरीतच राहिले. इंग्रजींत अशा कापडास जें नांव आहे तें आपल्याच 'छीट' शब्दावरून गेलेलें आहे. ज्या वस्तूसाठीं परक्यांनीं दंडाचें भय सोडलें, तिच्यासाठीं आपण कात्रीचें भय सोडूं नये काय?

आतां मुख्य नियम सांगतों. छापील कापडाचें सौंदर्य छापांत असतें, शिवणींत नव्हे. चुण्या, झालरी, कळ्या हे अलंकार साध्या एकरंगी कापडाला शोभतात. छापील कापडावर त्यांनीं फुलें मोडतात व वेली तुटतात. म्हणून फूल जितकें मोठें तितकी शिवण थोडी. नवशिक्यांना हा नियम मोठाच सोयीचा आहे; कारण ज्यांना सरळ टीप घालण्यापलीकडे कांहीं येत नाहीं, त्यांच्याच हातून असें कापड उत्तम शिवलें जातें.

कात्री हातीं धरण्यापूर्वीं तीन गोष्टी कराव्या. पहिली, कापड वेगळें, थंड पाण्यांत धुवून सावलींत वाळवावें. सुती कापड पहिल्या धुण्यांत आटतें; तें शिवल्यावर आटलें तर वस्तु वांकडी होते. रंग जातो कीं काय हें पाहण्यासाठीं एक पांढरी ओली चिंधी कोपऱ्यावर घासावी. पाण्यांत मीठ घातल्यानें रंग पक्का होतो अशी पुष्कळांची समजूत आहे. परंतु मूळचाच कच्चा रंग मिठानें पक्का होत नाहीं. तसें कापड नेहमीं निराळेंच धुवावें. दुसरी गोष्ट, कापडाची कड सरळ करावी. आडवा एक धागा हळूच ओढून काढला म्हणजे जी रेघ दिसते तिच्यावरून कापावें. तिसरी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे पुठ्ठ्याची खिडकी. जी वस्तु करावयाची तिच्या तयार मापाएवढें चौकोनी भोंक पुठ्ठ्यांत पाडावें, आणि तो पुठ्ठा पसरलेल्या कापडावर सरकवीत जावें. कोठें फूल मध्यभागीं येतें, कोठें मोराची मान तुटते, हें त्या खिडकींतून तत्काळ कळतें. कापड कापल्यावर जो पश्चात्ताप व्हावयाचा तो असा आधींच टळतो.

पहिली वस्तु मेजावरील चौकोनी रुमाल. यांत कापडाचा छाप मुळींच तुटत नाहीं. ३८ इंचांचा चौकोन कापावा, चारी कडा अर्धा-अर्धा इंच दोनदां दुमडाव्या, कच्चा दोरा घालून मग बारीक टाक्यांनीं तुरपाव्या. तयार रुमाल ३६ इंचांचा होतो. काठ छापलेला असेल तर तो चारी बाजूंनीं सारखा येईल असें पाहावें. केवळ हौसेस्तव ठेवलेल्या कापडाला ही पहिली पायरी फार उत्तम. कारण पुढें मन बदललें तर रुमालाचेंच दुसरें कांहीं करितां येतें.

दुसरी वस्तु उशीचा अभ्रा. १६ इंचांच्या चौकोनी उशीसाठीं १७ इंच रुंद व ३८ इंच लांब अशी एकच पट्टी घ्यावी. तिच्या दोन्ही आंखूड कडा अर्धा-अर्धा इंच दोनदां दुमडून शिवाव्या; म्हणजे लांबी ३६ इंच राहते. नंतर पट्टी सुलटी बाजू वर करून पसरावी व दोन्ही टोंकें मध्याकडे अशीं आणावीं कीं, तीं एकमेकांवर ४ इंच चढतील. आतां वरची व खालची उघडी कड अर्ध्या इंचावर शिवून अभ्रा उलटा करावा. ना गुंडी, ना काजें; उशी मागच्या फटींतून आंत सरकते. यांत ध्यानांत ठेवण्याची गोष्ट एकच: पट्टीचा मध्य तोच अभ्र्याचा दर्शनी मध्य होय. म्हणून मुख्य फूल पट्टीच्या प्रत्येक टोंकापासून १९ इंचांवर यावें. शिवाय छापांत उभें झाड असेल तर तें १७ इंचांच्या दिशेनें उभें राहिलें पाहिजे. नाहीं तर उशीवर तें आडवें निजतें. छाप सर्वत्र सारखा व बारीक असेल, तर ४४ इंच पन्ह्याच्या एका मीटर कापडांत असे दोन अभ्रे होतात.

तिसरी वस्तु बाजाराची पिशवी. पुष्कळजण एक लांब तुकडा मध्यें दुमडून पिशवी शिवतात. छाप चोहींकडून सारखा दिसणारा असेल तर तें ठीक. परंतु झाड, पक्षी किंवा हत्ती असेल तर पिशवीच्या एका बाजूला तो डोक्यावर उभा राहतो! म्हणून १५ इंच रुंद व १७ इंच उंच असे दोन तुकडे निरनिराळे कापावे व तीन बाजूंनीं अर्ध्या इंचावर उलट टीप घालून जोडावे. तोंडाची कड प्रथम अर्धा व मग एक इंच दुमडून शिवावी. बंदांसाठीं मात्र चीट खर्चूं नये. छापांतील एखादा रंग निवडून त्या रंगाचें जाड साधें कापड घ्यावें. त्याच्या ४ इंच रुंद व २२ इंच लांब अशा दोन पट्ट्या चौपदरी दुमडून शिवाव्या. साध्या कापडाच्या शेजारीं छापील कापड अधिकच उठून दिसतें, हें येथें सहज अनुभवास येतें.

उरलेले तुकडे टाकूं नयेत. आपल्या घरोघरच्या गोधड्या अशाच तुकड्यांतून जन्मास आल्या. दोन छापील तुकडे शेजारीं ठेवावयाचे असतील तर एकाचीं फुलें मोठीं व दुसऱ्याचीं बारीक असावीं. सारख्या मापाचे दोन छाप एकमेकांशीं भांडतात.

दोन वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांतील एका विद्यार्थिनीनें एक जुनें छापील जाजम आणिलें. तिच्या आजोबांच्या घरीं सारीं भावंडें त्यावर जेवावयास बसत. पुढें घराची वांटणी झाली. भिंती पडल्या, भांडीं वांटलीं गेलीं, परंतु जाजम एकच. तिघां भावांपैकीं प्रत्येकास तें हवें होतें, आणि तें कापावें असें कोणालाच वाटत नव्हतें. त्यामुळें तें एका माळ्यावर तसेंच पडून राहिलें. मुलीनें घरीं कसें समजाविलें तें आम्हांस ठाऊक नाहीं. वर्गांत मात्र तिनें पुठ्ठ्याची खिडकी घेऊन दोन दिवस केवळ जागा निवडण्यांत घालविले. मध्यभाग पार झिजला होता. कडेचा भाग चांगला होता. त्यांतून तिनें तीन अभ्रे काढले, आणि तिन्हींवर तोच एक मोर मधोमध आणिला. पहिली कात्री चालवितांना तिचा हात थरथरत होता, हें आम्हीं पाहिलें. आम्हीं कांहीं बोललों नाहीं. आतां तिन्ही घरीं एकेक अभ्रा आहे. दिवाळींत तिची थोरली काकू कित्येक वर्षांनीं त्यांच्याकडे आली, तेव्हां उशी पाहून म्हणाली, "हा मोर आमच्याकडेही आहे."

आमच्या विद्यार्थ्यांना व विद्यार्थिनींना एवढीच सूचना कीं, या सुट्टींत घरच्या वडील माणसांच्या परवानगीनें ती पेटी एकदां उघडावी, कापड उन्हाच्या तिरिपींत नव्हे तर सावलींत पसरावें, आणि प्रथम कात्री न घेतां पुठ्ठा घ्यावा.