किती उंचावरून किती दिसते?

सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याने निघालो की सुमारे ४५ किलोमीटरवर नळदुर्ग लागतो. शाळेची सहल तेथे जाते ती बहुधा बोरी नदीवरचा बांध आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल पाहायला. पण किल्ल्यात उपळी बुरूज नावाचा एक उंच बुरूज आहे. आम्ही मुलांना घेऊन त्याच्या पायऱ्या चढून वर गेलो, तेव्हा एका मुलाने विचारले, "येथून शत्रू किती लांबून दिसत असेल?"

प्रश्न साधा वाटतो, पण शत्रूच्या टेहळणीचा सगळा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो.

पायथागोरस बुरुजावर

पृथ्वी गोल असल्यामुळे एका अंतरापलीकडची जमीन आपल्या नजरेखाली जाते. हे अंतर काढायला दहावीचे गणित पुरते. पृथ्वीचा मध्य, आपला डोळा आणि क्षितिजाचा बिंदू जोडले की काटकोन त्रिकोण तयार होतो. पायथागोरसचा सिद्धान्त लावून पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किलोमीटर धरली, तर सोपे सूत्र मिळते: डोळ्याची उंची मीटरमध्ये घ्या, तिचे वर्गमूळ काढा आणि ३.५७ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येते.

समजा डोळा सपाट जमिनीपासून १६ मीटर उंच आहे. वर्गमूळ ४, म्हणून क्षितिज सुमारे १४ किलोमीटरवर. समोरून येणाऱ्या घोडेस्वाराचे डोके सव्वादोन मीटर उंच असेल, तर त्याचे आणखी साडेपाच किलोमीटर मिळवायचे. म्हणजे तो सुमारे २० किलोमीटरवर क्षितिजाच्या वर येतो.

पण वर येणे म्हणजे दिसणे नव्हे. निरोगी डोळ्याला साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाइतका फरक कळतो. वर्गात करून पाहा. पांढऱ्या कागदावर एकेक मिलिमीटर जाडीच्या काळ्या रेघा एकेक मिलिमीटर अंतरावर काढा आणि मुलांना मागे मागे जायला सांगा. तीन-साडेतीन मीटरच्या आसपास रेघा मिसळून करडा पट्टा दिसू लागेल. याच हिशोबाने सव्वादोन मीटर उंचीचा स्वार आठएक किलोमीटरवर निव्वळ ठिपका होतो. तो स्वार आहे हे कळायला आणखी बराच जवळ यावा लागतो.

म्हणजे टेहळणीला मर्यादा दोन: एक पृथ्वीच्या गोलाईची, दुसरी डोळ्याची. उंची पहिलीवर मात करते, दुसरीवर नाही.

धूळ काय सांगते?

सोलापूरचा किल्ला भुईकोट. एका बाजूला सिद्धेश्वर तलाव आहे, पण नजर टाकायला डोंगर नाही. अशा सपाट मुलखात उन्हाळ्यात पहारेकऱ्याच्या मदतीला येई ती धूळ. फौजेची धूळ २५ मीटर वर चढली, तर आपल्या सूत्राप्रमाणे १६ मीटरवरच्या डोळ्याला ती सुमारे ३२ किलोमीटरवरून क्षितिजावर येते. हवा स्वच्छ असेल तर ती दिसेलही, कारण धुळीचा लोट स्वारापेक्षा कितीतरी मोठा असतो.

पण ही धूळ घोडदळाची, मेंढरांची की धान्याच्या बैलतांड्याची? हे बुरुजावरून ठरत नाही. त्यासाठी कोणीतरी खाली उतरून जावे लागते.

म्हणून बुरुजाच्या जोडीला जासूद आला. सभासदाच्या बखरीत बहिर्जी जाधव या जासुदांच्या नाईकाचा उल्लेख येतो. १६६४ च्या सुरतेच्या स्वारीआधी तेथील संपत्तीची बातमी त्याने शिवाजी महाराजांना दिली. १६७९ मध्ये जालन्याहून परतताना मोगलांनी गाठले, तेव्हा त्यानेच आडवाटेने फौज पट्टागडावर सुखरूप नेली. यातले कोणतेच काम नुसत्या उंचीने झाले नसते. वाट माहीत असणारा माणूसच तेथे हवा होता.

डोलकाठी, फुगा आणि विमान

समुद्रावर धूळ नसते, पण गोलाई अधिक स्पष्ट असते. २५ मीटर उंच डोलकाठीवरच्या खलाशाला तेवढ्याच उंचीच्या दुसऱ्या डोलकाठीचे टोक सुमारे ३६ किलोमीटरवर क्षितिजावर येते. गलबताचा सांगाडा मात्र नंतर दिसतो.

हवेत उंची मिळवण्याचा पहिला गाजलेला प्रयोग फ्रेंचांनी केला. २६ जून १७९४ रोजी फ्लूरसच्या लढाईत त्यांनी दोरांनी बांधलेला फुगा वर सोडला आणि त्यातून शत्रूच्या हालचाली टिपल्या. फुगा ४०० मीटरवर धरला, तर क्षितिज ७१ किलोमीटरवर जाते.

पहिल्या महायुद्धात विमानात कॅमेरा आला. एकाच भागाची दोन ठिकाणांहून घेतलेली छायाचित्रे दोन डोळ्यांनी स्वतंत्र पाहिली, की सपाट चित्रात खोली दिसते. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून पाहिला, की दोन डोळ्यांचे महत्त्व पटते. खंदक आणि लपवलेल्या तोफा अशा छायाचित्रांतून सापडू लागल्या.

समुद्रावरही विमानाने डोलकाठीची जागा घेतली. गोव्यातील दाबोळीच्या तळावरून नौदलाची इल्यूशिन-३८ विमाने १९७७ पासून २०२३ पर्यंत समुद्रावर पाळत ठेवत होती. ९००० मीटरवर असलेल्या विमानाचे क्षितिज सुमारे ३३९ किलोमीटरवर असते. मात्र रडारच्या लहरी समुद्राच्या पाण्यात शिरत नाहीत. म्हणून पाणबुडीचा शोध घेताना पाण्यात ध्वनिग्राहक सोडून आवाज ऐकावा लागतो.

चादरीचा चौकोन

उपग्रहाने उंचीचा प्रश्न जवळजवळ संपवला, पण दुसरी मर्यादा पुन्हा समोर आली. सोलापूरच्या मुलांना ती चादरीवरून समजावता येते. चादरीची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन भरून काढतात. चौकोन मोठे घेतले तर मोराचा पिसारा ओळखू येत नाही. उपग्रहाचे चित्रही असेच चौकोनांचे असते. डिसेंबर १९९५ मध्ये सोडलेल्या आपल्या आयआरएस-१सी उपग्रहाच्या सर्वांत बारीक चित्रातला एक चौकोन जमिनीवरच्या ५.८ मीटरचा होता. त्यात माणूस दिसत नाही, तंबूही जेमतेम एखादा चौकोन व्यापतो. त्यातून ढग आले तर तेही नाही.

मे १९९९ मध्ये याची किंमत कळली. कारगिलच्या डोंगरांत घुसखोर शिरल्याची पहिली खबर आणली ती हरवलेला याक शोधणाऱ्या ताशी नामग्याल या मेंढपाळाने. मेच्या मध्यावर कॅप्टन सौरभ कालिया आणि पाच जवान पाहणीसाठी गेले. ते पकडले गेले आणि ९ जूनला त्यांचे मृतदेह परत मिळाले. २१ मे रोजी छायाचित्रे घेणाऱ्या कॅनबेरा विमानाच्या एका इंजिनावर क्षेपणास्त्र आदळले. वैमानिकाने ते उरलेल्या इंजिनावर श्रीनगरला उतरवले. शत्रू किती आणि कोठे आहे, हे कळायलाच वेळ आणि माणसे खर्ची पडली.

ऑक्टोबर २००१ मध्ये भारताने सोडलेल्या टीईएस या उपग्रहाच्या चित्रातला चौकोन एक मीटरचा होता. चौकोन लहान होत गेले, तरी त्यात दिसणारा ठिपका दगड आहे की तंबू, तंबू असेल तर कोणाचा, हे ठरवायला तो मुलूख ओळखणारा माणूस लागतोच.

नळदुर्गच्या बुरुजावर त्या मुलाला आम्ही आकडे सांगितले. मग दूर उठलेला धुळीचा एक लोट दाखवून विचारले, "ते काय आहे?" कोणी ट्रक म्हणाले, कोणी वावटळ. तो मुलगा थोडा वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "खाली जाऊन बघायला लागेल."