कॉर्व्हेटचे १३५ हॉर्सपॉवर गेले कुठे?

१९७० साली शेवरले कॉर्व्हेटचं सगळ्यांत साधं इंजिन ३०० हॉर्सपॉवरचं होतं. १९७५ च्या माहितीपत्रकात त्याच ३५० क्युबिक इंची, म्हणजे ५.७ लिटरच्या व्ही-८ इंजिनापुढे आकडा छापला होता १६५. सिलिंडर आठच, आकारमान तेवढंच, आणि पाच वर्षांत ताकद जवळपास निम्मी. जुन्या अमेरिकी गाड्यांच्या शौकिनांकडे याचं उत्तर तयार असतं: सरकारने प्रदूषणाचे कायदे केले आणि मसल कारचा जीव घेतला. मला हे उत्तर पटत नाही. या १३५ हॉर्सपॉवरचा हिशेब मांडता येतो, आणि मांडला की कायद्यावरचा आरोप बराच सौम्य होतो.

मसल कारचं सूत्र सोपं होतं. मध्यम आकाराची, तरुणांना परवडेल अशी गाडी घ्यायची आणि तिच्यात मोठ्या गाडीचं इंजिन बसवायचं. १९६४ च्या पॉन्टिअॅक जीटीओने हे ६.४ लिटरच्या, ३२५ हॉर्सपॉवरच्या इंजिनाने करून दाखवलं. १९७० पर्यंत शेवरलेची शेव्हेल एसएस ७.४ लिटर आणि ४५० हॉर्सपॉवरवर पोहोचली होती. पेट्रोल स्वस्त होतं आणि त्यात शिसं मिसळलेलं असे.

दुसरीकडे लॉस एंजेलिसची हवा डोळे झोंबवत होती. १९५० च्या सुमाराला कॅल्टेकमधले रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी दाखवून दिलं, की गाड्यांतून आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांतून निघणारी न जळालेली हायड्रोकार्बन्स आणि नायट्रोजनची ऑक्साइड्स उन्हात एकत्र येऊन हे धुरकं तयार करतात. कॅलिफोर्नियाने नियम करायला सुरुवात केली. ३१ डिसेंबर १९७० रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी स्वच्छ हवेच्या नव्या कायद्यावर सही केली. नव्या गाड्यांतून निघणारे मुख्य विषारी वायू पाच-सहा वर्षांत ९० टक्क्यांनी कमी करा, असं त्यात म्हटलं होतं. पुढे मुदती वाढत गेल्या, पण दिशा ठरली होती.

आता हिशेब. पहिले ३० हॉर्सपॉवर १९७१ मध्येच गेले, आणि ते घालवणारा माणूस इंजिनांचा शत्रू मुळीच नव्हता. जनरल मोटर्सचे अध्यक्ष एड कोल हे स्वतः इंजिनिअर. शेवरलेचं प्रसिद्ध छोटं व्ही-८ त्यांच्याच देखरेखीखाली घडलं होतं. धूर स्वच्छ करायचा तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लागणार हे त्यांनी ओळखलं होतं. त्यातल्या प्लॅटिनमवर शिशाचा थर बसला, की तो निकामी होतो. म्हणजे शिसं जायला हवं. पण शिसं गेलं की ऑक्टेन घटतो, आणि जास्त कॉम्प्रेशनचं इंजिन नॉकिंग करू लागतं. म्हणून कॉर्व्हेटच्या या इंजिनाचं कॉम्प्रेशन १०.२५ वरून ८.५ वर आणलं गेलं. ताकद ३०० वरून २७० झाली.

पुढचे ६० हॉर्सपॉवर कुठे गेलेच नाहीत. तोपर्यंत कंपन्या इंजिन टेबलावर उघडं ठेवून मोजत: एअर फिल्टर नाही, सायलेन्सर नाही, अल्टरनेटरचा भार नाही. १९७२ पासून सगळं लावून, गाडीत असतं तशा स्थितीत मोजलेला आकडा छापायची पद्धत आली. १९७१ साली जनरल मोटर्सने दोन्ही आकडे दिले होते. त्याच इंजिनाचा जुन्या पद्धतीने २७०, नव्या पद्धतीने २१०. रस्त्यावर गाडीच्या पिकअपमध्ये यामुळे काडीचा फरक पडला नाही. शौकिनांच्या गप्पांत मात्र हे ६० आजही कायद्याच्या नावावर खपतात.

उरले ४५, आणि हे मात्र खरोखर गेले. स्पार्कचं टायमिंग मागे घेतलं गेलं, म्हणजे धूर अधिक गरम राहून उरलेलं इंधन वाटेत जळावं. जळालेल्या वायूचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडून आतलं तापमान उतरवलं गेलं, कारण नायट्रोजनची ऑक्साइड्स अतितापमानातच तयार होतात. या प्रत्येक उपायाने थोडी ताकद खाल्ली. मग १९७५ मध्ये कन्व्हर्टर आला. त्या वर्षीच्या कॉर्व्हेटखाली वाकून पाहिलं, तर इंजिनाकडून येणारे दोन पाइप एकत्र होऊन एकाच कन्व्हर्टरमध्ये शिरतात आणि पलीकडे पुन्हा दोन होतात. मागून दिसायला दोन सायलेन्सर, पण सगळा धूर एकाच अरुंद वाटेने जाणार. आदल्या वर्षीचा १९५ चा आकडा १६५ वर आला.

या ठिगळांच्या काळातही जिद्दी माणसं होती. पॉन्टिअॅकने १९७३ मध्ये सुपर ड्यूटी ४५५ इंजिन आणलं. कॉम्प्रेशन अवघं ८.४, पण आतले भाग शर्यतीच्या तोडीचे. आधी ३१० हॉर्सपॉवर जाहीर झाले. धूर परत फिरवणारी यंत्रणा थोड्या वेळाने बंद पडेल अशी जोडणी कंपनीच्या इंजिनांत असल्याचं सरकारच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या लक्षात आलं आणि ती काढावी लागली. कॅमशाफ्ट बदलून इंजिन २९० वर विकलं गेलं. तरी ते त्या काळातलं सर्वोत्तम इंजिन होतं, असं मी म्हणेन.

कायद्याखेरीज इतर मारेकरीही होते. विमा कंपन्यांनी तरुण मालकांचे हप्ते भरमसाट वाढवले होते. क्रायस्लरचं ४२५ हॉर्सपॉवरचं हेमी इंजिन १९७१ मध्येच बंद झालं, कन्व्हर्टर येण्याच्या कितीतरी आधी. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि पंपांवर रांगा लागल्या. फोर्डची १९७४ ची मस्टँग तर व्ही-८ शिवायच आली.

डेट्रॉइटच्या गाडी कंपन्यांचं खरं चुकलं ते इथे: कायदा अशक्य आहे हे पटवण्यात त्यांनी जी शक्ती घालवली, ती संशोधनात लावायला हवी होती. होंडाने इंधन स्वच्छ जाळणारी आपली सीव्हीसीसी रचना १९७३ च्या शेवरले इम्पालाच्या ५.७ लिटर व्ही-८ वर बसवली आणि ती गाडी कन्व्हर्टरशिवाय चाचणीत उतरवून उत्तीर्ण करून दाखवली. व्होल्व्होने १९७७ मध्ये कॅलिफोर्नियासाठी ऑक्सिजन सेन्सर आणि तीन वायू एकदम हाताळणारा कन्व्हर्टर आणला. सेन्सर धुरातला ऑक्सिजन मोजतो आणि त्यानुसार दर क्षणी इंधन कमी-जास्त होतं. साध्या कार्बोरेटरला हे जमण्यासारखं नव्हतं. त्यामुळे संगणक आणि फ्युएल इंजेक्शन गाडीत आलं, आणि इंजिनाला पुन्हा मोकळा श्वास मिळाला. १९८५ च्या कॉर्व्हेटचं तेच ५.७ लिटरचं व्ही-८ इंजेक्शनसह २३० हॉर्सपॉवर देऊ लागलं, तेही नव्या मोजणीने आणि कन्व्हर्टर लावून. म्हणजे १९७१ च्या २१० पेक्षा जास्त. २०१५ ची डॉज चॅलेंजर हेलकॅट ७०७ हॉर्सपॉवरची होती आणि धुराच्या सगळ्या चाचण्या पास होऊन शोरूममध्ये आली होती.

त्या दहा वाईट वर्षांच्या बदल्यात जे मिळालं, ते हॉर्सपॉवरमध्ये मोजता येत नाही. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकी लहान मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला सरासरी १५ मायक्रोग्रॅम शिसं सापडत होतं. १९९० च्या सुमाराला ते ४ च्या खाली आलं. आपल्याकडे मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला तो एप्रिल १९९५ पासून, आणि देशभरातल्या पंपांवरून शिशाचं पेट्रोल गेलं २००० साली.