१९५० ते १९५९ या दशकातील हिंदी चित्रपटसंगीत आणि मराठी संगीतकार : श्रेष्ठत्वाच्या निकषांचा विचार

प्रस्तावना :

हिंदी चित्रपटसंगीताच्या इतिहासात १९५० ते १९५९ या दशकाचा उल्लेख ‘सुवर्णकाळ’ असा केला जातो. या दशकातील सर्वश्रेष्ठ संगीतकार कोण, हा प्रश्न रसिकांच्या बैठकीत रंगतो, परंतु अभ्यासाच्या क्षेत्रात तो क्वचितच काटेकोरपणे मांडला जातो. कोणत्या निकषावर श्रेष्ठ, हे आधी निश्चित केल्याशिवाय दिलेले उत्तर व्यक्तिगत आवडीपलीकडे जात नाही. प्रस्तुत लेखात सी. रामचंद्र, वसंत देसाई आणि एन. दत्ता या तीन मराठी भाषक संगीतकारांच्या आधारे चार निकष तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

१) पुरस्कार :

फिल्मफेअर पुरस्कारांना १९५४ मध्ये प्रारंभ झाला. १९५४ ते १९६० या सात वर्षांत संगीत दिग्दर्शनाचा पुरस्कार अनुक्रमे नौशाद, सचिनदेव बर्मन, हेमंतकुमार, शंकर-जयकिशन, ओ. पी. नय्यर, सलील चौधरी आणि पुन्हा शंकर-जयकिशन यांना मिळाला. या यादीत एकही मराठी नाव नाही. यावरून मराठी संगीतकारांचे कार्य दुय्यम होते, असा निष्कर्ष काढणे मात्र धाडसाचे ठरेल. आरंभी हा पुरस्कार संपूर्ण चित्रपटासाठी नव्हे, तर एका गाण्याच्या संगीतासाठी दिला जात असे. शिवाय दशकाच्या पहिल्या तीन वर्षांत पुरस्कारच नव्हते. त्यामुळे ‘अलबेला’ (१९५१) सारखा चित्रपट या मोजमापाच्या कक्षेतच येत नाही.

२) लोकप्रियता :

१९५२ मध्ये डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री झाले. अभिजात संगीताविषयी आस्था असलेल्या या मराठी मंत्र्यांच्या काळात आकाशवाणीवरील चित्रपटगीतांचे स्थान अत्यंत आकुंचित झाले. साहजिकच श्रोता रेडिओ सिलोनकडे वळला. तेथून १९५२ मध्येच अमीन सयानी यांचे ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाले. १९५३ च्या वार्षिक क्रमवारीत सी. रामचंद्र यांच्या ‘अनारकली’मधील गीत अग्रस्थानी आले. हे गीत भीमपलास रागावर आधारित होते, ही बाब विशेष उल्लेखनीय आहे. ज्या चित्रपटसंगीताला अभिरुचीच्या नावाखाली दूर ठेवले गेले, त्यातीलच एक रागाधिष्ठित रचना कोलंबोमार्गे भारतीय घरांत पोहोचली. आकाशवाणीची ‘विविध भारती’ त्यानंतर, म्हणजे ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झाली. तात्पर्य, लोकप्रियतेचा निकष प्रसारणाच्या धोरणापासून अलग करता येत नाही.

३) सांगीतिक व्याप्ती व टिकाऊपणा :

पुणतांबे येथे १९१८ मध्ये जन्मलेले रामचंद्र नरहर चितळकर यांनी ‘अलबेला’मध्ये पाश्चात्त्य नृत्यलयींचा मोकळा वापर केला. दोनच वर्षांनी ‘अनारकली’मध्ये त्यांनी संयत, गायनप्रधान रचना दिल्या. ‘आझाद’ (१९५५) आणि ‘नवरंग’ (१९५९) यांतून हा पल्ला आणखी विस्तारलेला दिसतो.

वसंत देसाई यांची वाट वेगळी होती. ‘प्रभात’च्या परंपरेत घडलेल्या या संगीतकाराने ‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५) च्या शीर्षकगीतासाठी उस्ताद अमीर खाँ यांचा स्वर, तर ‘गूँज उठी शहनाई’ (१९५९) साठी उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांची सनई चित्रपटात आणली. ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) मधील त्यांची प्रार्थना पुढे शाळाशाळांतून म्हटली जाऊ लागली. चित्रपट न पाहिलेल्या पिढ्यांनाही ती पाठ असणे, हा टिकाऊपणाचा सबळ पुरावा होय.

गोव्यात जन्मलेले एन. दत्ता अर्थात दत्ता नाईक यांनी ‘साधना’ (१९५८) आणि ‘धूल का फूल’ (१९५९) मध्ये साहिर लुधियानवी यांच्या सामाजिक आशयाच्या काव्याला त्याचा अर्थ झाकोळू न देणारी चाल दिली.

४) सामूहिक कर्तृत्व :

वरील तिन्ही निकष संगीतकाराला एकटा निर्माता मानतात. प्रत्यक्षात चाल बांधल्यानंतर तिच्या मागेपुढे कोणती वाद्ये वाजावीत, त्यांचे स्वरमेळ कसे असावेत, हे ठरवून प्रत्येक वादकासाठी स्वरलिपी लिहिण्याचे काम वाद्यवृंद-संयोजक म्हणजेच ‘अरेंजर’ करीत असे. यांत गोव्याच्या वादकांचा वाटा मोठा होता. ‘अलबेला’च्या नृत्यलयींमागे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांचा सहभाग होता. शंकर-जयकिशन यांच्या भरदार वाद्यवृंदामागे सेबॅस्टियन डिसोझा यांची लेखणी होती. माजोर्डा येथील अँथनी गोन्साल्विस यांनी वादन व संयोजनाबरोबरच प्यारेलाल यांच्यासारखे शिष्य घडविले. श्रेयनामावलीत मात्र या मंडळींचा उल्लेख अनेकदा केवळ ‘सहायक’ असा झाला, किंवा मुळीच झाला नाही.

निष्कर्ष :

पुरस्काराच्या निकषावर मराठी संगीतकार अदृश्य ठरतात. १९५३ च्या लोकप्रियतेत सी. रामचंद्र अग्रभागी दिसतात. टिकाऊपणात वसंत देसाई त्यांच्या बरोबरीने उभे राहतात, तर काव्यार्थाच्या जाणिवेत एन. दत्ता यांचे स्थान स्वतंत्र आहे. शैलींचा विस्तार हा प्रमुख निकष मानल्यास या तिघांत सी. रामचंद्र यांना अग्रक्रम द्यावा लागेल, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मात्र चौथा निकष लावताच हा अग्रक्रमही एका व्यक्तीचा न राहता एका चमूचा होतो.

अध्यापनाच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे. टिटवाळा, कल्याण, डोंबिवली परिसरातील महाविद्यालयांनी ज्येष्ठ वादक व वाद्यवृंद कलावंतांच्या मुलाखतींचे प्रकल्प विद्यार्थ्यांकडून करून घ्यावेत. संगीतकारांची नावे ध्वनिमुद्रिकांवर छापली गेल्यामुळे टिकून राहिली. वादकांची नावे मुख्यतः त्यांच्या सहकाऱ्यांच्या स्मृतीतच आहेत, आणि ती पिढी वेगाने विरळ होत आहे.