धुराचा जमाखर्च

गेल्या वर्षीं दिवाळीच्या सुट्टींत माझा एक जुना विद्यार्थी भेटीस आला. कोल्हापूरनजीक त्याची लहानशी फौंड्री आहे. पंपांचे व यंत्रांचे बिडाचे भाग तेथें ओतले जातात, आणि त्यांतील बराच माल जर्मनींत जातो. फराळ झाल्यावर त्यानें पिशवींतून एक छापील तक्ता काढला व म्हणाला, "गुरुजी, आपण आम्हांला त्रैराशिक शिकविलें. आतां हें एवढें सोडवून द्या." तक्ता परदेशच्या खरेदीदाराचा होता. त्यांत एकच गोष्ट निरनिराळ्या रीतीनें विचारली होती : तुम्ही आम्हांस जो एक टन माल पाठवितां, तो तयार करतांना कार्बन डायऑक्साइड वायु किती किलो हवेंत जातो?

"हवेंत गेलेला वायु मी कोणत्या काट्यावर तोलूं?" असें त्यानें विचारलें. प्रश्न दिसतो तितका भाबडा नाहीं. यंत्रयुगापूर्वीं हवेंत या वायूचें प्रमाण दहा लक्ष भागांत सुमारें २८० भाग होतें. १९५८ सालीं चार्ल्स कीलिंग या अमेरिकन शास्त्रज्ञानें हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर त्याचें सतत मोजमाप सुरू केलें, तेव्हां तें सुमारें ३१५ भरलें. आज तें ४२० च्याहि पुढें गेलें आहे. या वाढीनें पृथ्वीची उष्णता वाढते, हें आतां शाळकरी मुलांसहि ठाऊक आहे. परंतु पर्वतावरील यंत्र केवळ एकूण वाढ सांगतें. ती कोणाच्या भट्टींतून आली, कोणाच्या मोटारींतून आली, हें तें सांगूं शकत नाहीं. तें कळावयास वहीच मांडावी लागते.

ही वही कशी मांडतात तें वाचकांनीं एकदां समजून घ्यावें. कारण सरकारें, नगरपालिका व मोठमोठ्या कंपन्या आज हीच वही लिहीत आहेत, आणि त्यांच्या वचनांचा खरेखोटेपणा तींतच सांपडतो.

प्रथम आपल्या स्वयंपाकघरांतील गॅसचें सिलिंडर घेऊं. त्यांत १४.२ किलो गॅस असतो. तो सारा जळून गेल्यावर त्यापासून कार्बन डायऑक्साइड किती झाला असेल? पुष्कळजण म्हणतील, फार तर चौदा किलो. उत्तर आहे सुमारें ४२ किलो! जळणापेक्षां धूर तिप्पट जड कसा? कारण जळणें म्हणजे हवेंतील प्राणवायूशीं संयोग होणें. सिलिंडरमधील गॅसांत कार्बन सुमारें साडेअकरा किलो असतो. कार्बनच्या १२ भागांस प्राणवायूचे ३२ भाग येऊन मिळतात व ४४ भाग नवा वायु होतो. म्हणून साडेअकरास ४४ नें गुणावें व १२ नें भागावें. ४२ किलो येतात. त्यांतील तीस किलोंहून अधिक वजन आपण विकत घेतलेलेंच नसतें. तें हवेंतून आलेलें असतें. त्याच रीतीनें एक लिटर पेट्रोल जळलें कीं सुमारें २.३ किलो, व एक लिटर डिझेल जळलें कीं सुमारें २.७ किलो हा वायु निघतो.

तात्पर्य, वायु कोणी तोलीत नाहींत. जळण किती आणलें हें बिलावरून पाहतात, व त्या त्या जळणाच्या ठराविक गुणकानें गुणतात. विजेचेंहि तसेंच. आपल्या देशांतील वीज बव्हंशीं कोळशावर होते. त्यांत पाणी, सूर्य, वारा व अणु यांचीहि भर असते. या सर्वांची सरासरी काढून केंद्रीय विद्युत् प्राधिकरण दर वर्षीं एक गुणक प्रसिद्ध करतें. अलीकडच्या वर्षांत तो युनिटमागें सुमारें ०.७२ किलो आहे. ज्याला गुणाकार येतो त्याला ही वही येते.

मग अडचण कोठें आहे? अडचण आहे ती कोणता खर्च कोणाच्या नांवें मांडावयाचा, यांत. याकरितां अमेरिकेंतील वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट ही संस्था व उद्योगपतींचें एक जागतिक मंडळ यांनीं १९९८ सालीं काम हातीं घेतलें, व २००१ मध्यें 'ग्रीनहाऊस गॅस प्रोटोकॉल' या नांवानें हिशेबाचे नियम छापले. २००४ मध्यें त्यांची सुधारलेली आवृत्ति निघाली. जगांतील बहुतेक कंपन्या आज त्याच नियमांनीं चालतात. त्यांत खर्चाचीं तीन खातीं आहेत. पहिलें आपल्या चुलीचें : स्वतःच्या भट्टींत, बॉयलरांत, मोटारींत जें जळलें तें. दुसरें विकतच्या विजेचें : येथें चूल दुसऱ्याची, पण ती पेटली आपल्यासाठीं. तिसरें खातें सर्वांत लांबरुंद : विकत घेतलेल्या मालाच्या पोटांत असलेला धूर, मालाची नेआण, नोकरांचा प्रवास, आणि आपण विकलेली वस्तु गिऱ्हाइकानें वापरतांना होणारा धूरसुद्धां.

तिसऱ्या खात्याचें महत्त्व एका उदाहरणानें कळेल. मोटारी करणाऱ्या कंपनीच्या कारखान्यांत जेवढें जळतें, त्याच्या कितीतरी पट अधिक त्या मोटारी पुढें रस्त्यावर जाळतात. तिनें कारखान्याच्या छपरावर सूर्याची वीज बसविली व 'आम्ही धूर निम्मा केला' अशी जाहिरात दिली, तर तें वाक्य पहिल्या दोन खात्यांपुरतें खरें असेल. पण वही अर्धीच उघडली असें आपण म्हणावें. तसेंच एखादीनें स्वतःची भट्टी बंद करून तेंच काम बाहेरच्या लहान कारखानदाराकडून करून घेतलें, तर तिच्या पहिल्या खात्यांतील आंकडा उतरतो आणि आकाशांत कांहींच उतरत नाहीं. माझ्या विद्यार्थ्याकडे जो तक्ता आला होता, तो त्या जर्मन कंपनीच्या तिसऱ्या खात्यासाठींच होता.

आतां त्याच्या तक्त्याकडे वळूं. हीं कामें करून देणारे सल्लागार अलीकडे शहरोशहरीं झाले आहेत. अशाच एकानें त्याला टनामागें ६०५ किलो हा आंकडा काढून दिला होता, व 'हा भरा, छान दिसतो' असें सांगितलें होतें. आम्हीं बारा महिन्यांचीं विजेचीं बिलें व माल रवाना केल्याच्या पावत्या समोर घेतल्या. भट्टी विजेची असल्यामुळें मुख्य खर्च विजेचाच. महिन्याची सरासरी ८४,००० युनिट निघाली. तेवढ्या विजेंत १०० टन बीड वितळे, पण चांगला माल बाहेर पडे तो ६० टन. उरलेले ४० टन कोठें जात? रस सांच्यांत नेण्याच्या ज्या वाटा व उंचवटे, ज्यांना कारखान्यांत रनर-रायझर म्हणतात, ते तोडून पुन्हा भट्टींत जात. आणि फसलेला मालहि त्यांच्याच मागोमाग जाई.

सल्लागारानें ८४,००० ला १०० नें भागलें होतें. ८४० युनिट आले, त्यांस ०.७२ नें गुणिलें कीं ६०५ किलो. परंतु ६० नें भागलें तर १,४०० युनिट येतात, व धूर १,००८ किलो होतो.

"गुरुजी, दोन्ही भागाकार बरोबर आहेत ना?"

"भागाकार दोन्ही बरोबर आहेत. पण त्यांनीं विचारलें आहे काय? वितळविलेल्या एका टनाचें कीं पाठविलेल्या एका टनाचें?"

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "शेजारच्यानें सहाशे लिहिले आणि मीं हजार लिहिले, तर मागणी त्याच्याकडे जाईल. चाळीस माणसांचीं घरें माझ्या भट्टीवर चालतात."

याला मी काय उत्तर देणार? पगार माझा सरकारी होता. चाळीस घरांची जोखीम मीं कधीं डोक्यावर घेतली नाहीं. सत्याची महती त्याला सांगण्याचा धीर मला झाला नाहीं. एवढेंच म्हणालों, "शंभरानें भागलेंस तर ते चाळीस टन कोणालाच दिसणार नाहींत. तुलासुद्धां नाहीं. आणि तुझा पैसा तर तेथेंच जळतो आहे." तक्ता पिशवींत घालून तो गेला. चार दिवसांनीं त्याचा फोन आला. त्यानें १,००८ हाच आंकडा भरला होता, व भागाकार कसा केला तेंहि खालीं लिहिलें होतें.

त्यानंतर तो त्या चाळीस टनांच्या मागें लागला. भट्टीचें झांकण उघडें राही. तें बंद ठेवण्याची शिस्त लाविली. सांचे तयार नसतांना रस तापत राही. तो क्रम बदलला. दाबाच्या हवेच्या नळ्यांतील गळती बुजविली. रस नेण्याच्या वाटा आंखडत्या केल्या. यंदाच्या पावसाळ्यापर्यंत १०० टनांमागें चांगला माल ६५ टन निघूं लागला, व विजेचीं युनिटें ७७,३५० वर आलीं. भागून पाहा : टनामागें १,१९० युनिट, म्हणजे सुमारें ८५७ किलो धूर. विजेच्या बिलांत दरमहा पन्नास हजारांहून अधिक रुपये वांचूं लागले. खरेदीदारानें मागणी कमी केली नाहीं, वाढविलीहि नाहीं. पुढच्या वर्षाचा तक्ता तेवढा पाठविला.

सरकारांचा हिशेब याच जातीचा, फक्त पसारा मोठा. मुंबई महानगरपालिकेनें मार्च २०२२ मध्यें आपला हवामान कृति-आराखडा प्रसिद्ध केला. त्यांत २०१९ सालची शहराची मोजणी आहे : सुमारें २ कोटी ३४ लक्ष टन. मुंबईकरांस वाटे कीं मुख्य दोष मोटारींचा. हिशेब असें सांगतो कीं सत्तर टक्क्यांहून अधिक भाग घरें, कचेऱ्या, दुकानें व उद्योग यांत वापरलेल्या विजेचा व जळणाचा आहे. वाहतुकीचा सुमारें एक पंचमांश. आणि बाकीचा कचऱ्याचा. कचरा कुजून मिथेन वायु निघतो, आणि त्याचा एक टन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारें २८ टनांबरोबर धरतात. रोग कोठें आहे हें कळल्याशिवाय औषध ठरत नाहीं. नुसत्या समजुतीवर चालली असती तर नगरपालिका केवळ मोटारींच्याच मागें लागली असती.

देशाच्या वहींतहि भागाकाराचा तोच प्रश्न उभा राहतो. भारत सरकारनें डिसेंबर २०२४ मध्यें संयुक्त राष्ट्रांस जो अहवाल सादर केला, त्याप्रमाणें २०२० सालीं आपल्या देशाचा एकूण धूर सुमारें २९६ कोटी टन होता. वनांनीं व भूमीनें शोषलेला सुमारें ५२ कोटी टन वजा जातां २४४ कोटी उरतो. २००५ च्या मानानें राष्ट्रीय उत्पन्नाच्या दर रुपयामागचा धूर ३६ टक्क्यांनीं उतरला. २०३० पर्यंत तो ४५ टक्क्यांनीं उतरवूं, असें आपण २०२२ मध्यें जगास कळविलें आहे. ही प्रगति खरी आहे आणि तिचा अभिमान धरावा. परंतु हा दर आहे, बेरीज नव्हे. बेरीज २०१० सालीं सुमारें २१४ कोटी टन होती. म्हणजे दर उतरत असतां बेरीज चढत गेली. पोळीमागचें तूप कमी केलें आणि पोळ्या दुप्पट लाटल्या, तर तुपाचा डबा लवकरच रिकामा होणार.

यावर कोणी म्हणेल, आपल्या देशांत माणशीं धूर जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनहि कमी आहे, आणि आकाशांतील जुना सांठा मुख्यतः पाश्चात्त्यांचा आहे. हें अक्षरशः खरें आहे. परंतु न्यायाचें हें गाऱ्हाणें मांडावयाचें तरी वही आपलीच चोख हवी. १ ऑक्टोबर २०२३ पासून युरोपांत जाणारें पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत इत्यादि मालाबरोबर धुराचा हिशेब मागतात, आणि २०२६ पासून त्यावर आकारणीहि लागू झाली आहे. ज्याच्याजवळ स्वतःचा मोजलेला आंकडा नाहीं, त्याच्या माथीं दुसऱ्यानें ठरविलेला आंकडा बसतो. आपल्याकडेहि 'सेबी'नें शेअरबाजारांतील पहिल्या एक हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून असा वृत्तांत देणें बंधनकारक केलें आहे. असे वृत्तांत हातीं आले तर वाचकांनीं तीन गोष्टी पाहाव्या : खातीं किती उघडलीं, भागाकार कशानें केला, आणि तुलनेचें मूळ वर्ष दर खेपेस बदललें तर नाहीं ना. झाडें लावून धूर फेडल्याचें लिहिलें असेल तर चौथा प्रश्न विचारावा : लावलेलीं झाडें मोजलीं कीं जगलेलीं?

शेवटीं घरची गोष्ट. सरकारास व कारखान्यांस हिशेब विचारणाऱ्यानें आपली वही अगोदर उघडावी. गेल्या बारा महिन्यांचीं विजेचीं बिलें काढा व एकूण युनिटांस ०.७२ नें गुणा. सिलिंडरांची संख्या ४२ नें गुणा. पेट्रोलचे लिटर २.३ नें गुणा. बेरजेस घरांतील माणसांनीं भागा. आमच्या घरीं हा हिशेब मीं नातवाकडून करवून घेतला. त्यानें भागाकार पांचानें केला. घरांत आम्ही चारच, पांचवा कोण, असें विचारतां तो म्हणाला, "पाहुणे येतातच कीं!" वही पुन्हा त्याच्या हातीं दिली व चारानें भागावयास सांगितलें.