कवटीला छिद्र न पाडता

रक्तदाब मोजायला दंडाला पट्टा गुंडाळला की झाले. मात्र अपघातात डोक्याला जबर मार लागलेल्या रुग्णाच्या कवटीतला दाब नेमका जाणून घ्यायचा, तर आजही कवटीला छिद्र पाडून नळी किंवा सेन्सर आत सोडावा लागतो. त्यात रक्तस्राव आणि जंतुसंसर्गाचा धोका असतो.

हा दाब एवढा महत्त्वाचा का? प्रौढ माणसाची कवटी ही हाडाची बंद पेटी. तिच्यात मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचे पाणी दाटीवाटीने राहतात. मेंदूला सूज आली की रक्ताला आणि पाण्याला जागा सोडावी लागते; ती संपली की दाब भराभर चढतो. निरोगी प्रौढात तो साधारण 7 ते 15 मिलिमीटर पारा असतो. तो 22 च्या वर टिकून राहिला, तर उपचार सुरू करावे लागतात, कारण या दाबाविरुद्ध रक्ताला मेंदूत शिरणे जड जाते.

हाच विरोध बाहेरून ओळखता येईल का? अमेरिकेतल्या 'एमआयटी'चे फैजल काशिफ, जॉर्ज व्हर्गीस, थॉमस हेल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये त्याची एक रीत मांडली. पाइपात पाणी किती जोराने सोडले आणि ते किती वेगाने वाहिले हे कळले, की पुढच्या अडथळ्याचा अंदाज बांधता येतो. तसेच इथे. धमनीतल्या रक्तदाबाची लहर एकीकडे. कानशिलाजवळच्या पातळ हाडातून अल्ट्रासाऊंडने टिपलेला मेंदूतल्या रक्ताचा वेग दुसरीकडे. रक्तवाहिन्यांचा रोध आणि लवचिकपणा यांचे साधे गणिती प्रारूप या दोन लहरींना जोडते. ते उलट सोडवले की कवटीतला दाब हाती येतो.

मेंदूला इजा झालेल्या 37 रुग्णांच्या नोंदींवर ही रीत पडताळली. सरासरी चूक 1.6 मिलिमीटरच भरली. पण चुकांचे प्रमाण विचलन 7.6 होते. निरोगी 15 आणि धोक्याचे 22 यांत अंतरच 7 चे. म्हणून अतिदक्षता विभागातली नळी एवढ्यावर काढून टाकता येत नाही.

तरीही ही वाट सोडू नये. डोक्यात पाणी साठलेले बाळ किंवा डोकेदुखीने हैराण झालेला माणूस यांच्या कवटीला केवळ शंकेपोटी कोणी छिद्र पाडत नाही. त्यांचा दाब बहुधा न मोजलेलाच राहतो. बाहेरून मोजण्याची खात्रीची रीत सर्वांत आधी हवी, ती त्यांच्यासाठी.