परदेशी खेळाडू : नफा आणि जोखीम

परदेशी माल मागविणाऱ्या व्यापाऱ्याला फुटबॉल क्लबांचा हा व्यवहार चटकन उमगेल. १९७८ मध्ये अर्जेंटिनाने विश्वचषक जिंकताच लंडनच्या टॉटनहॅम क्लबने त्या संघातील आर्डिलेस व विला यांना विकत घेतले. थंडी निराळी, भाषा निराळी. पैसा अडकण्याची भीती होतीच. पण १९८१ च्या एफए कप फेरसामन्यात विलाने दोन गोल केले, मँचेस्टर सिटीवर ३-२ असा विजय मिळाला. भांडवल वसूल! पुढच्याच एप्रिलमध्ये फॉकलंड बेटांवरून दोन्ही देशांत युद्ध पेटले. मे १९८२ च्या अंतिम सामन्यात दोघेही नव्हते. आर्डिलेसला पॅरिसच्या क्लबाकडे उसना धाडावा लागला. खेळाडू पारखता येतो, पण सरकारांची भांडणे कोणता खरेदीदार पारखणार? आम्हाला तरी क्लबाचा दोष दिसत नाही. आर्डिलेस १९८३ मध्ये परतला, विला मात्र त्याच वर्षी क्लब सोडून गेला.