न्यूट्रॉन जास्त झाले तर? : दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांच्या केंद्रकांचा अभ्यास

इअरफोनमधल्या छोट्याशा पण जोरदार चुंबकात निओडिमियम असते. आवर्तसारणीच्या खाली वेगळ्या ओळीत लिहिलेल्या लॅन्थॅनाइड गटातले हे मूलद्रव्य. ते मुळात बनले कुठे? उत्तरासाठी शास्त्रज्ञांना निसर्गात टिकत नाहीत अशा केंद्रकांकडे वळावे लागते.

क्षय म्हणजे काय?
डिस्प्रोसियममध्ये ६६ प्रोटॉन असतात. त्याच्या सर्वात जड स्थिर समस्थानिकात ९८ न्यूट्रॉन आहेत. त्याहून जास्त घातले, की केंद्रक अस्थिर होते. मग एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो. इलेक्ट्रॉन आणि अँटिन्यूट्रिनो बाहेर पडतात. हाच बीटा क्षय. वस्तुमानांक तोच राहतो, अणुअंक एकने वाढतो.

अभ्यास कसा करतात?
जपानमधील वाको येथे रिकेन संस्थेत युरेनियमची केंद्रके प्रकाशाच्या सुमारे ७० टक्के वेगाने बेरिलियमवर आदळवतात. युरेनियमचे तुकडे होतात. चुंबकांनी ते वेगळे करून सिलिकॉनच्या शोधकात थांबवतात. केंद्रक कधी आले आणि इलेक्ट्रॉन कधी सुटला, यांतल्या अंतरावरून अर्धायुष्य काढतात. सिझियम ते होल्मियम या पट्ट्यातली अशी ९४ अर्धायुष्ये २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली.

आकार कसा कळतो?
क्षयानंतर केंद्रक बरेचदा गॅमा किरण सोडते. त्यावरून ऊर्जापातळ्या समजतात. लांबट केंद्रक फिरत असेल, तर चौथ्या आणि दुसऱ्या कोनीय संवेगाच्या पातळ्यांचे गुणोत्तर (४×५) ÷ (२×३), म्हणजे ३.३३ यायला हवे. डिस्प्रोसियम-१६४ मध्ये या पातळ्या सुमारे २४२ आणि ७३ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट आहेत. भागून बघा, ३.३ येते! म्हणजे हे केंद्रक चेंडूसारखे गोल नाही, लांबट आहे.

याचा उपयोग काय?
न्यूट्रॉन तारे आदळतात तेव्हा केंद्रके भराभर न्यूट्रॉन गिळतात आणि मग क्षय पावत स्थिर होतात. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दिसलेल्या अशा टकरीच्या प्रकाशात लॅन्थॅनाइडच्या खुणा आढळल्या. टोलनाक्यावर गाडी जितकी थांबेल तितकी रांग वाढते ना? तसेच, जिथे अर्धायुष्य जास्त तिथे केंद्रके साचतात. विश्वातील मूलद्रव्यांच्या आलेखात वस्तुमानांक १६० च्या आसपास एक छोटा उंचवटा दिसतो. तो का आला, हे सांगायला अर्धायुष्य आणि आकार दोन्ही नेमके माहीत हवेत. अर्धायुष्य चुकले, की सगळे गणितच चुकते.

करून बघा : निओडिमियम-१५६ (अणुअंक ६०) चा बीटा क्षय झाला, तर कोणते केंद्रक तयार होईल? वस्तुमानांक किती राहील?